ऐकून घेणारे कोणी

कोल्हापूरजवळच्या गांधीनगरची कापडपेठ व्यापारी कुटुंबांना चांगली परिचयाची आहे. लग्नसराई तोंडावर आली की आसपासच्या गावांतील दुकानदार तेथे जातात, माल पाहतात, भाव ठरवतात, गठ्ठे बांधून घेतात आणि दिवे लागण्यापूर्वी आपापल्या गावी परततात. ज्या भूमीवर ही पेठ उभी आहे, त्या भूमीने एकामागून एक दोन वेळा बेघर माणसांना पोटाशी धरले, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानी असते. १९४३ ते १९४८ या काळात येथे, वळिवडे गावाच्या हद्दीत, पोलंडमधून परागंदा झालेल्या सुमारे ५००० लोकांची छावणी होती. त्यांत स्त्रिया, मुले आणि वृद्ध यांचा भरणा अधिक होता. सोव्हिएत राजवटीने त्यांना राहत्या घरांतून उचलून सैबेरियाकडे धाडले होते. तेथून सुटका झाल्यावर इराणमार्गे ते हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागले. ते निघून गेल्यानंतर त्याच ठिकाणी फाळणीने घरदार हिरावून घेतलेली सिंधी कुटुंबे आली आणि त्यांच्या कष्टांतून आजची पेठ उभी राहिली.

पोलिश लोकांना वळिवड्यात डोक्यावर छप्पर मिळाले, पोटाला अन्न मिळाले, आजाऱ्यांना औषध मिळाले. परंतु ज्या मुलांनी वाटेत आईबाप गमावले होते, त्यांच्या मनाचे काय झाले असेल? हा प्रश्न त्या काळी अशा शब्दांत कोणी विचारत नसे. जगला वाचला, यातच समाधान मानण्याची ती वेळ होती. वळिवड्याची छावणी गजबजलेली असतानाच तिकडे युरोपात वीस वर्षांची एक मुलगी या प्रश्नापाशी येऊन थबकली आणि पुढे जवळजवळ सत्तर वर्षे तिने तो सोडला नाही. तिचे नाव हेलन बँबर.

बेलसेनमधील धडा

हेलन यांचा जन्म १९२५ साली लंडनमधील एका ज्यू कुटुंबात झाला. वडिलांना जर्मन भाषा येत असे. जर्मनीत उसळलेल्या द्वेषाच्या बातम्या त्या घरात रोज चर्चिल्या जात आणि त्या भीतीच्या छायेतच मुलगी वाढली. १९४५ च्या एप्रिलमध्ये ब्रिटिश सैन्याने बर्गन-बेलसेनची छळछावणी मुक्त केली. मदतकार्यासाठी स्वयंसेवकांची गरज होती. विसाव्या वर्षी हेलन यांनी आपले नाव दिले आणि त्या जर्मनीत दाखल झाल्या.

तेथे आढळलेली एक गोष्ट त्यांनी पुढे आयुष्यभर सांगितली. वाचलेल्या माणसांना अन्न हवे होते, कपडे हवे होते, औषध हवे होते. पण या सर्वांइतकीच तीव्र अशी आणखी एक भूक त्यांना होती. आपल्यावर काय ओढवले ते त्यांना कोणाला तरी सांगायचे होते. एकदा सांगून भागत नसे. पुन्हा पुन्हा, तेच ते, सांगायचे होते. एखादी स्त्री समोर बसून, हात घट्ट धरून, अंग पुढेमागे हलवत बोलत राही. तिला वाचवण्याची शक्ती या तरुण मुलीत नव्हती. आपण तिला बरे करू शकणार नाही, हे तिला कळून चुकले. मात्र आपण हिचे सांगणे ऐकून घेऊ शकतो आणि जे ऐकले त्याचे साक्षीदार होऊ शकतो, एवढे तिला उमगले. त्या जाणिवेवर पुढचे सारे कार्य उभे राहिले.

लंडनला परतल्यावर छळछावण्यांतून आणलेल्या सातशेहून अधिक अनाथ तरुणांची देखभाल करणाऱ्या समितीत त्यांनी काम केले. त्यांचे पती रूडी हे स्वतः जर्मनीतून पळून आलेले ज्यू होते. नंतरच्या काळात रुग्णालयात सामाजिक कार्यकर्त्या म्हणून काम करताना त्यांच्या लक्षात आले की, आजारी मुलाला आईपासून तोडून एकटे ठेवले की औषधाचा गुणही उतरत नाही. मुलाजवळ आईला राहू द्यावे यासाठी ज्यांनी चळवळ केली, त्यांत त्या होत्या. आज आपल्याकडे लहान मुलाच्या खाटेशेजारी आई असतेच. त्या काळच्या इंग्लंडात मात्र तिला भेटीच्या ठरावीक वेळेपुरतेच आत सोडत. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल ही संस्था १९६१ साली स्थापन झाली तेव्हापासून त्या तिच्याशी जोडलेल्या होत्या आणि १९७४ साली तिचा वैद्यकीय गट उभारण्यात त्यांचा पुढाकार होता.

दोन खोल्यांचा आरंभ

१९८५ साली, बहुतेक माणसे निवृत्तीचे हिशेब मांडतात त्या साठाव्या वर्षी, हेलन यांनी लंडनमध्ये छळ सोसलेल्यांच्या उपचारांसाठी एक संस्था काढली. एका जुन्या रुग्णालयातील दोन खोल्या, एवढाच आरंभीचा पसारा होता. ‘मेडिकल फाउंडेशन फॉर द केअर ऑफ व्हिक्टिम्स ऑफ टॉर्चर’ हे तिचे मूळ नाव. आज ती ‘फ्रीडम फ्रॉम टॉर्चर’ या नावाने ओळखली जाते. २००५ साली, ऐंशीव्या वर्षी, त्यांनी आपल्या नावाची दुसरी संस्था सुरू केली. २०१४ साली त्यांचे निधन झाले. नील बेल्टन यांनी लिहिलेल्या त्यांच्या चरित्राचे नाव ‘द गुड लिसनर’ असे आहे. चांगली ऐकणारी, एवढाच त्याचा अर्थ. आणि त्याहून नेमके नाव सुचणे कठीण होते.

या संस्थेच्या दारात येणारी माणसे बहुतांशी आश्रयार्थी असत. आश्रयार्थी आणि निर्वासित हे दोन शब्द बोलताना एकच मानले जातात, पण कायद्याने त्यांत अंतर आहे. स्वदेशात जिवाला धोका आहे म्हणून जो परदेशात येऊन आश्रय मागतो, तो आश्रयार्थी. त्याचे म्हणणे तपासून त्या देशाने ते मान्य केले की तो निर्वासित ठरतो. या व्यवस्थेचा पाया १९५१ सालच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. भारताने त्यावर सही केलेली नाही. ब्रिटनने केली आहे. मागणी आणि मान्यता या दोहोंमधला काळ कधी महिन्यांचा, कधी वर्षांचा असतो. मनाची सर्वांत मोठी झीज पुष्कळदा याच काळात होते.

वाट पाहण्याचे दुःख

सामान्य समज असा की, धोका मागे राहिला, माणूस सुरक्षित देशात पोहोचला, आता काळजी कसली? प्रत्यक्षात घडते उलटे. जीव वाचवण्याची धावपळ चालू असते तोवर मन स्वतःला बांधून ठेवते. धावपळ थांबली, दार लागले, खोलीत शांतता झाली की मागचे सारे उसळून वर येते. रात्री झोप लागत नाही. लागली तर भयानक स्वप्ने पडतात. गणवेशातला माणूस दिसला, जोराने दार आपटले, विशिष्ट वास आला, की शरीर जणू त्या जुन्या क्षणात परत जाते. छातीत धडधड, डोकेदुखी, पोटदुखी अशा तक्रारी घेऊन माणूस डॉक्टरकडे जातो आणि तपासणीत काहीच सापडत नाही. कित्येक भाषांत ‘नैराश्य’ या अर्थी रोजच्या बोलण्यातला शब्दच नाही. तेथे दुःख हे काळजात जळजळ, डोक्यात विचारांचा भार, अशा रूपाने सांगितले जाते. मराठीतही ‘जीव लागत नाही’ म्हणणारी आजी आपल्याला मानसिक आजार आहे असे कधी म्हणत नाही.

यावर वाट पाहण्याचा भार पडतो. ब्रिटनमध्ये अर्जाचा निकाल लागेपर्यंत आश्रयार्थ्याला सहसा काम करता येत नाही; बारा महिने उलटूनही निर्णय झाला नाही तर मर्यादित व्यवसायांसाठी परवानगी मागता येते. शासन राहण्याची सोय करते, कोणत्या गावात ते मात्र शासनच ठरवते. स्वतः स्वयंपाक करणाऱ्याला अलीकडच्या दराने माणशी आठवड्याला सुमारे ४९ पौंड मिळतात. हॉटेलात ठेवलेल्यांना जेवण तेथेच मिळत असल्याने हाती १० पौंडांहूनही कमी येतात. व्यापारी घरातील माणसाने क्षणभर कल्पना करावी: ज्याने वीस वर्षे दुकान चालवले, दहा नोकरांना पगार दिला, गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकाशी दोन शब्द बोलला, त्या माणसाला सकाळी उठून करण्यासारखे काहीच उरलेले नाही. भाषा येत नाही. बायकोसमोर मान वर होत नाही. मुले शाळेत जाऊन वर्षभरात इंग्रजी शिकतात आणि कचेरीत बापासाठी दुभाष्याचे काम करू लागतात. घरातील मोठेपण उलटेपालटे होते. एका घरात हे दुःख तिघांना तीन प्रकारे छळते.

अनिश्चितता ही नुसती गैरसोय नसून ती मनाला आजारी करते, हे अभ्यासांनीही दाखवले आहे. इराक आणि इराणमधील मँडियन या छोट्या धर्मसमुदायाचे अनेक लोक ऑस्ट्रेलियात आश्रयाला गेले. सिडनीतील २४१ मँडियन प्रौढांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना आल्यावर दीर्घकाळ स्थानबद्ध ठेवले होते आणि ज्यांना कायमचा आश्रय न देता तात्पुरता परवाना दिला होता, त्यांच्यात नैराश्य आणि आघातजन्य ताण लक्षणीय अधिक आढळला. मायदेशातील छळाचा परिणाम वेगळा काढल्यावरही हा फरक उरला. जखम तेथे झाली खरी, पण ती भरू न देण्याचे काम नव्या देशातील व्यवस्थेनेही केले.

या ठिकाणी एक गैरसमज दूर केला पाहिजे. निर्वासित म्हणजे मनाने मोडलेला माणूस, असे समीकरण चुकीचे आहे. पाश्चात्त्य देशांत वसलेल्या सुमारे ७००० निर्वासितांवरील अभ्यासांचे एकत्रित परीक्षण २००५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. त्यात दहा प्रौढांमागे सुमारे एकाला आघातोत्तर ताणाचा विकार आढळला. नंतरच्या काही परीक्षणांत हे प्रमाण बरेच अधिक निघाले आहे. सर्वसामान्य लोकसंख्येच्या तुलनेत हे प्रमाण कितीतरी मोठे आहे आणि म्हणूनच उपचारांची सोय अत्यावश्यक ठरते. तरीही, इतके सोसून पुष्कळजण आजारी पडत नाहीत, हेही त्याच आकड्यांतून दिसते. त्यांना उपचार नको असतात. काम, घर, भाषा आणि माणसे हवी असतात.

आठवण चुकते तेव्हा

आश्रयाच्या मागणीचा निर्णय मुख्यतः एका मुलाखतीवर अवलंबून असतो. अधिकारी प्रश्न विचारतो, दुभाषी भाषांतर करतो आणि उत्तरे नोंदली जातात. कोणत्या तारखेला पकडले? खोलीत किती माणसे होती? पहिल्या वेळी तीन दिवस म्हणालात, आता पाच म्हणता? उत्तरांत फरक पडला की माणूस खोटे बोलतो असा संशय घेतला जातो. नकार मिळाला तर ज्या देशातून जीव घेऊन पळाला तेथेच परत जाण्याची वेळ येऊ शकते.

परंतु स्मृती ही खतावणी नव्हे. २००२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये जेन हर्लिही आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ब्रिटनने स्वतः बोलावून आश्रय दिलेल्या कोसोव्हो आणि बोस्नियातील ३९ व्यक्तींना काही आठवड्यांच्या अंतराने दोनदा तेच प्रश्न विचारण्यात आले. या लोकांना आश्रय आधीच मिळालेला होता. खोटे बोलण्याचे कारणच नव्हते. तरीही दोन्ही वेळच्या सांगण्यात तफावती आल्या. मुख्य घटनेपेक्षा बारीकसारीक तपशिलांत त्या अधिक होत्या. ज्यांना आघातोत्तर ताण तीव्र होता, त्यांच्या बाबतीत दोन मुलाखतींमधले अंतर जितके जास्त, तितक्या तफावती वाढलेल्या दिसल्या. म्हणजे ज्याने अधिक सोसले, त्याचेच सांगणे अविश्वसनीय वाटण्याची भीती अधिक. लैंगिक अत्याचार सोसलेल्या व्यक्तींची तर जीभच उचलत नाही. लाजेने त्या पहिल्या मुलाखतीत गप्प राहतात आणि पुढे सांगू लागल्या की ‘आधी का सांगितले नाही?’ असा प्रश्न येतो.

म्हणूनच हेलन यांच्या संस्थेत उपचाराबरोबर दुसरेही एक काम चाले. डॉक्टर आश्रयार्थ्याला तपासत, अंगावरचे व्रण आणि मनाची अवस्था त्याच्या कथनाशी कितपत जुळते ते पाहत आणि तसा अहवाल लिहीत. अशा तपासणीसाठी ‘इस्तंबूल प्रोटोकॉल’ या नावाने ओळखली जाणारी आंतरराष्ट्रीय नियमावली १९९९ पासून उपलब्ध आहे. अहवाल लिहिण्यासाठी घाई चालत नाही. एकेका माणसाबरोबर अनेक बैठका घ्याव्या लागतात, मध्ये थांबावे लागते, पाणी द्यावे लागते, खिडकी उघडावी लागते. ज्याला बंद खोलीत प्रश्न विचारून छळले, त्याला पुन्हा बंद खोलीत प्रश्न विचारताना दार कोठे आहे ते दिसेल अशा जागी बसवणे, एवढी साधी गोष्टही उपचारच असते.

बरे होण्याच्या वाटा

मानसिक आधार म्हटला की डॉक्टर, गोळ्या आणि कोच डोळ्यांपुढे येतात. गोळ्यांची गरज काहींना असतेच आणि ती लांबणीवर टाकू नये. पण या कामातील अनुभवी माणसांनी उपचाराच्या अनेक वाटा शोधल्या आहेत.

जर्मनीतील कॉन्स्टान्झ विद्यापीठातील तज्ज्ञांनी घडवलेल्या एका पद्धतीत जमिनीवर एक दोरी अंथरतात. ती दोरी म्हणजे त्या माणसाचे आयुष्य. जन्मापासून आजपर्यंत जेथे जेथे आनंद होता तेथे तो फूल ठेवतो, जेथे आघात झाला तेथे दगड. मग एकेका बैठकीत क्रमाक्रमाने, घाई न करता, ती कहाणी तो सांगतो आणि उपचार करणारा लिहून घेतो. शेवटी लिहिलेली प्रत त्याच्या हाती देतात. ज्या माणसाला आपल्या आयुष्यात दगडांखेरीज काही उरलेच नाही असे वाटत असते, त्याला फुलेही दिसू लागतात; आणि दगड आपल्या जागी, मागे, भूतकाळात राहिलेला दिसतो. ही पद्धत युगांडातील निर्वासित वसाहतींत तपासली गेली. त्यांपैकी नाकिव्हाले येथील प्रयोगात तर उपचार करणारेही निर्वासितांमधूनच निवडून शिकवलेले होते.

सामान्य माणसाला प्रशिक्षण देऊन हे काम सोपवता येते, हे जागतिक आरोग्य संघटनेनेही मान्य केले आहे. तिने तयार केलेल्या एका कार्यक्रमात आठवड्यातून एक अशा पाच बैठका असतात. श्वास संथ करून ताण हलका करणे, सुटण्याजोग्या अडचणीचे लहान तुकडे करणे, सोडून दिलेली कामे पुन्हा थोडी थोडी हाती घेणे आणि जवळच्या माणसांचा आधार बळकट करणे, अशा चार गोष्टी त्यात शिकवतात. पाकिस्तानातील पेशावर आणि केनियातील नैरोबी येथे तो कसाला लावून पाहिला गेला आणि उपयोगी ठरला.

भाषेचा प्रश्न मात्र प्रत्येक पद्धतीत उरतोच. उपचाराच्या खोलीत दोन खुर्च्यांऐवजी तीन लागतात आणि तिसऱ्या खुर्चीवरचा दुभाषी हा निव्वळ शब्द बदलणारा नसतो. तो त्या देशातील कोणत्या गटाचा आहे, तो ही गोष्ट बाहेर बोलेल का, आपल्या नातलगांपर्यंत ती पोहोचेल का, अशा शंकांनी आश्रयार्थी गप्प होतो. समुदाय लहान असला म्हणजे सगळे एकमेकांना ओळखतात; तेथे विश्वास मिळवणे अधिक अवघड. म्हणून नातेवाइकाला, आणि मुलांना तर कधीच, दुभाषी करू नये असा दंडक चांगल्या संस्था पाळतात. आईवर काय गुदरले, हे दहा वर्षांच्या मुलाने आईच्याच तोंडून ऐकून डॉक्टरांना सांगायचे, यासारखा दुसरा आघात नाही.

ज्यांना बोलताच येत नाही, त्यांच्यासाठी हेलन यांच्या संस्थेने मातीचा आधार घेतला. १९९० च्या दशकात उत्तर लंडनमध्ये भाजीपाल्याच्या छोट्या वाफ्यांवर एक प्रकल्प सुरू झाला. आश्रयार्थ्यांना स्वतःचा एकेक तुकडा दिला जाई. शेतकरी घरातून आलेला माणूस खोलीत तासभर मान खाली घालून बसे, पण हातात खुरपे आले की बोलू लागे. तण काढताना, रोप सुकलेले पाहताना, हिवाळ्यानंतर फुटवा येताना त्याला आपल्याच अवस्थेचे शब्द सापडत. सोबत काम करणारी मानसोपचारतज्ज्ञ ते शब्द टिपून घेई. त्याच संस्थेत पाव भाजणाऱ्यांचा गट आहे, लेखन करणाऱ्यांचा गट आहे. पीठ मळणाऱ्या बाईला कोणी ‘रुग्ण’ म्हणत नाही. ती आपल्या गावची भाकरी इतरांना शिकवणारी बाई असते.

येथे वळिवड्याची छावणी पुन्हा आठवते. मानसोपचाराचे नावही न घेता त्या छावणीत शाळा चालत होत्या, स्वभाषेत शिकवले जात होते, प्रार्थनामंदिर होते, बालवीरांची पथके होती, नाटके बसवली जात होती. उद्या सकाळी कोठे जायचे आहे, काय करायचे आहे, हे प्रत्येक मुलाला ठाऊक होते. दुःख त्याने नाहीसे झाले असे नाही. पण दिवसाला आकार आला. आजच्या तज्ज्ञांना जी गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते, ती त्या बराकींत रोज घडत होती.

घरच्यांनी काय करावे

अनेक व्यापारी कुटुंबांची मुलेबाळे, सुना-जावई आज लंडन, लेस्टर, टोरांटो, सिडनी येथे स्थायिक आहेत. शेजारच्या खोलीत, मुलांच्या शाळेत, दुकानाच्या दाराशी त्यांना असा माणूस भेटतो. त्या वेळी वागावे कसे, याविषयी या क्षेत्रातील अनुभवावरून काही गोष्टी निश्चित सांगता येतात.

पहिली गोष्ट, कहाणी उकरून काढू नये. ‘तिकडे काय झाले?’ हा प्रश्न कळवळ्याने विचारला तरी समोरच्याला तो चौकशीसारखा लागतो. जेवणाचे, मुलांच्या शाळेचे, बाजारभावाचे बोलावे. तो स्वतःहून बोलू लागला तर मध्ये न तोडता ऐकावे आणि ‘विसरून जा’, ‘देवाची इच्छा’, ‘इतरांचे याहून वाईट झाले’ ही तीन वाक्ये टाळावीत. विसरणे त्याच्या हाती असते तर तो केव्हाच विसरला असता.

दुसरी गोष्ट, ऐकलेले पोटात ठेवावे. आपल्या समाजात बातमी हळदीकुंकवापासून लग्नमंडपापर्यंत लगेच पोहोचते. आश्रयार्थ्याच्या बाबतीत अशी बातमी मायदेशातील नातलगांच्या जिवावर बेतू शकते.

तिसरी गोष्ट दुकानदारांसाठी विशेष महत्त्वाची आहे. दया येऊन अशा माणसाला बिनकागदी रोजंदारीवर ठेवण्याचा मोह होतो. कामाची परवानगी नसताना त्याला कामाला लावले तर दुकानदाराला जबर दंड होऊ शकतो आणि त्या बिचाऱ्याचा अर्जही अडचणीत येऊ शकतो. धर्मादाय संस्थेत स्वयंसेवक म्हणून काम करण्यास मात्र ब्रिटनमध्ये आडकाठी नाही. त्याला तेथे नेऊन पोहोचवावे, बसच्या भाड्याची सोय करावी, इंग्रजीच्या वर्गाची वेळ शोधून द्यावी. आश्रयाचा अर्ज चालू असलेल्या माणसाला ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेत मोफत उपचार मिळतात. अनेकांना हेच ठाऊक नसते. डॉक्टरकडे नाव नोंदवायला सोबत जाणे, ही फार मोठी मदत आहे.

चौथी गोष्ट, आश्रय मंजूर झाला म्हणजे सुटलो असे मानू नये. मंजुरीनंतर शासकीय निवास थोड्याच आठवड्यांत सोडावा लागतो आणि भत्ता बंद होतो. घर, काम, बँकेचे खाते सारे एकदम शोधायचे असते. पेढे वाटल्यानंतरच्याच महिन्यात माणूस कोसळल्याची उदाहरणे या क्षेत्रात काम करणाऱ्यांना नवी नाहीत. आणि जगण्यात अर्थ नाही, आपण नसलेलेच बरे, असे शब्द कोणाच्या तोंडून निघाले तर ते सहज म्हणून सोडून न देता त्याला त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे, एकटे ठेवू नये. ही सूचना केवळ आश्रयार्थ्यापुरती नाही, ती प्रत्येक घरासाठी आहे.

चौथे दान

आपल्या परंपरेने चार दाने सांगितली आहेत : आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान. पहिली तीन सहज दिसतात, मोजता येतात, त्यांच्या पावत्या फाडता येतात. शासनेही अन्न देतात, औषध देतात, शाळा देतात. चौथे दान मोजता येत नाही. भ्यालेल्या माणसाला ‘आता तुला भय नाही’ असे तोंडाने सांगून भय जात नाही. दार कोणी आपटणार नाही, चिठ्ठी येऊन उद्या कोणी दुसऱ्या गावी हलवणार नाही, आपण बोललो ते कोणी उलटवणार नाही, हे त्याला दिवसेंदिवस अनुभवावे लागते. तेव्हा कोठे एखाद्या रात्री त्याला सलग झोप लागते.

हेलन बँबर यांनी बेलसेनमध्ये ज्या स्त्रीचे ऐकून घेतले, तिला त्या वाचवू शकल्या नाहीत. तो सल त्यांनी लपवला नाही. परंतु ऐकून घेतलेले व्यर्थ गेले, असेही त्या कधी म्हणाल्या नाहीत. दोन खोल्यांतून सुरू झालेल्या कामात पुढे हजारो माणसे येऊन बोलून गेली.

कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश निर्वासितांची आठवण सांगणारा स्तंभ उभा आहे आणि दूर वॉर्सा शहरात कोल्हापूरची कृतज्ञता जपणारे स्मारक आहे. वळिवड्याच्या छावणीत वाढलेली मुले पुढे जगभर विखुरली. त्यांतील काही म्हातारपणी नातवंडांना घेऊन कोल्हापूरला आली, जुन्या बराकी शोधत गांधीनगरच्या गल्ल्यांतून हिंडली. मालाच्या गठ्ठ्यांमधून वाट काढत ती ज्या दुकानासमोर थांबली असतील, त्या दुकानातून पुढच्या खेपेला कापड घेताना क्षणभर थांबून त्या जागेकडे पाहावे. येथे कोणी एकेकाळी भयातून बाहेर आले होते.